सुनंदाबाई काय म्हणत होती

स्वप्नीलनं चित्र थांबवलं तेव्हा सुनंदाबाईचं तोंड अर्धवट उघडं राहिलं.

"आबा, इथं अक्का काय म्हणतात?"

शालिग्राम खुर्चीच्या कडेवर बसला होता. धुळ्यातल्या एका गल्लीत, पिठाच्या गिरणीवरची ती खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकीवर रजई टांगलेली, पंखा बंद. गिरणीवाला दुपारी जेवायला घरी जातो, तेवढ्या वेळात सिनेमाचे आवाज भरून घ्यायचे, असं स्वप्नीलनं जिना चढतानाच सांगितलं होतं. खोलीत पिठाचा वास होता आणि थंडीच्या दिवसांतही उकाडा होता.

समोरच्या पडद्यावर केळीची बाग होती. असोद्याची, शालिग्रामचीच. बागेच्या तोंडाशी त्याची बायको सुनंदाबाई उभी होती, हिरव्या साडीत, डोक्यावरचा पदर कानामागं सरकलेला. तिच्या पुढ्यात सिनेमातली पोरगी भूमिका उभी होती, पण सुनंदाबाई तिच्याकडं बघत नव्हती. चित्राच्या बाहेर, उजवीकडं कुठंतरी बघून ती हसत काहीतरी बोलत होती. उजवीकडं विहीर होती, विहिरीवर मोटर होती, आणि मोटरीपाशी तेव्हा शालिग्राम उभा होता. हे त्या खोलीत त्याच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

"आवाज लाव," तो म्हणाला.

स्वप्नीलनं आवाज लावला. मोटरीची घरघर खोलीभर झाली. तिच्याखाली बाईमाणसाचा आवाज आहे एवढंच कळत होतं, जसं पुराच्या पाण्याखाली खडक आहे एवढं कळतं.

"पुना लाव."

पुन्हा घरघर. तिसऱ्यांदा सांगितल्यावर स्वप्नीलनं कानावरचा हेडफोन काढून हातात घेतला आणि हळूच म्हणाला, "आबा, मी रात्रंदिवस हेच करतोय. मोटर काढली तर अक्काही निघून जातात. दोघी एकमेकींत शिजल्यात."

सुनंदाबाई भादव्यात गेली. साधा ताप होता. मग रक्तातल्या पेशी उतरायला लागल्या, आणि जळगावच्या दवाखान्यात तिच्या घशात नळी घातली. नळीमुळं बोलता येईना. ती हातानं खुणा करायची. शालिग्रामला त्यातल्या एका खुणेचा अर्थ लागला नाही. पाणी म्हणत असेल म्हणून तो नर्सला हाक मारायचा, आणि ती डोळे मिटून मान हलवायची, की हे नाही. मग पुन्हा हात उचलायची. एके दिवशी तिनं हात उचलायचं सोडून दिलं.

ती गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की घरात तिचा आवाज कुठंच नाही. त्यांच्या मुलीच्या, मोनालीच्या लग्नाची शूटिंग होती. पण लग्नाच्या शूटिंगमध्ये माणसं नुसती तोंडं हलवतात, वरून गाणं लावलेलं असतं. सुनंदाबाई त्यात कुणाच्या तरी हातावर साखर ठेवून काहीतरी म्हणत होती, आणि वर शहनाई वाजत होती. मोनाली सुरतेहून रोज फोन करायची, ते सारं बोलणं हवेत गेलं. म्हणून स्वप्नीलचा फोन आला, की आबा, सिनेमा पुरा होतोय, अक्कांचं काम बघायला या, तेव्हा शालिग्राम दुसऱ्याच दिवशी पहिल्या गाडीनं धुळ्याला निघाला होता. त्याला सिनेमा बघायचा नव्हता. त्याला ऐकायचं होतं.

हा सिनेमा सुरू झाला तेव्हा शालिग्रामनं त्याला नावंच ठेवली होती. स्वप्नील धुळ्याचा, लग्नाची शूटिंग घेणारा. त्याला लव्हस्टोरी काढायची होती, आणि हसवायचंही होतं. धुळ्याचा मोटरसायकलच्या पार्टचं दुकान असलेला पोरगा असोद्याच्या केळीवाल्यांच्या पोरीच्या मागं लागतो, आणि तिच्या घरच्यांपुढं "मी भी शेतकरीच शे" म्हणतो. ती माणसं त्याच्या त्या अहिराणी 'शे'लाच हसत बसतात. एवढीच गोष्ट. पोरगा स्वतःच्याच मोपेडवर फिरायचा. भूमिका जळगावात कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची आणि घरचेच कपडे घालून यायची. उजेड तोंडावर पाडायला गणपतीच्या मखराचा उरलेला थर्माकोल होता. गाणं त्याच एका बागेत, त्याच सऱ्यांत, आज या बाजूनं आणि उद्या त्या बाजूनं. एकदा पोरगा गुडघ्यावर बसून भूमिकेला फूल देत होता, तर बकरी आली आणि फूल खाऊन गेली. स्वप्नीलनं तेसुद्धा ठेवलं.

सुनंदाबाईला असले सिनेमे फार आवडायचे. खेड्यापाड्यांतली पोरं काढतात आणि मोबाईलवर सोडतात, ते. मोठ्या सिनेमातली माणसं जन्मतःच प्रेमात पडलेली असतात, ती म्हणायची. यातली आपल्यासारखी घाबरतात. पोराला घाम फुटतो, पोरीच्या नाकावर पुटकुळी असते आणि ती कोणी पुसलेली नसते. रात्री जेवणं झाल्यावर ती मोबाईल तांब्याला टेकवून बघत बसायची आणि मधूनच एकटी हसायची. शालिग्राम पाठ करून झोपायचा. त्याला वाटायचं, हिचं आपलं काहीतरी.

शूटिंगची माणसं बागेत आली तेव्हा ती फक्त चहा घेऊन गेली होती. पोरीच्या आत्याचं काम करणारी बाई पारोळ्याहून यायची होती, ती आलीच नाही. स्वप्नील तिचे शब्द दुसऱ्या कोणाकडून तरी म्हणवून बघत होता. सुनंदाबाईनं किटली खाली ठेवली आणि म्हणाली, "आसं कोनी बोलते का भाऊ?" आणि कसं बोलतात ते बोलून दाखवलं. पोरं हसून हसून खाली बसली. संध्याकाळी ती घरी आली ती सिनेमातली आत्या होऊनच.

शालिग्रामनं तिला अडवलं नाही. पण साठी उलटलेल्या बाईनं पावडर लावून उभं राहावं, गावातल्या पोरांनी कुंपणावरून बघावं, हे त्याच्या घशाखाली उतरलं नाही. तो शूटिंगच्या जागी गेला नाही. विहिरीवर मात्र गेला, कारण त्या आठवड्यात दिवसाची लाईट होती.

दिवसाची लाईट म्हणजे काय ते केळीवाल्यालाच कळतं. एक आठवडा लाईट रात्री येते, एक आठवडा दिवसा. आली की मोटर चालू करायची, आणि जाईपर्यंत बंद करायची नाही. घरात मयत असली तरी कोणीतरी उठून मोटर चालू करून येतं. त्यातून शालिग्रामची मोटर जुनी, विहिरीच्या काठावर बसवलेली, तिचा आवाज पाटाच्या पलीकडच्या शेतातही ऐकू जायचा. स्वप्नील हात जोडून आला होता, की आबा, तेवढा सीन होईपर्यंत बंद ठेवा. शालिग्रामनं वर न बघता सांगितलं, बाग सिनेमा पिऊन जगत नाही. ते खरंच होतं. वैशाखात पाण्याची एक पाळी चुकली तर घड पोसत नाही. पण नुसतं तेवढंच खरं नव्हतं.

"काही हरकत नाही," स्वप्नील तेव्हा म्हणाला होता. "आवाज नंतर भरून घेऊ. अक्का आहेतच."

तर आता अक्का नव्हती, आणि आवाज भरायला तिची धाकटी बहीण सुगंधाबाई जामनेरहून आली होती.

बहिणी-बहिणींचे आवाज इतके सारखे, की फोनवर मोनालीसुद्धा फसायची. सुगंधाबाई माइकपुढं उभी राहिली तीच पदर खोचून, जसं काही धुणं धुवायचं आहे. पहिल्यांदा ती माइकला ओरडली. मग तिला सांगितलं की हळू, तर कानात सांगितल्यासारखं बोलली. मग भूमिकेनं तिचा हात धरला आणि म्हणाली, मावशी, माझ्याशीच बोला. तेव्हा जमलं. पडद्यावर सुनंदाबाई त्या धुळ्याच्या पोराला खालून वर बघत म्हणत होती, आणि खोलीत सुगंधाबाई म्हणत होती, "काबरे पोरा, तुले केयी कापता येते का नुसती खाता येते?"

शालिग्रामच्या अंगावर काटा आला. तीच. हुबेहूब तीच. आणि तरी ती नव्हती. 'खाता' म्हणताना सुनंदाबाईचा आवाज जरा वर जायचा, हिचा खाली आला. एवढंच. पण चाळीस वर्षं एका छपराखाली राहिलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

बाकी सारं भरून झालं, आणि तो एक तुकडा उरला. कागदावर तिथं काहीच लिहिलेलं नव्हतं. सुनंदाबाई मध्येच उजवीकडं वळते, हसते, काहीतरी म्हणते. मग हसू जातं. ती पदर डोक्यावर ओढते आणि भूमिकेकडं वळून ठरलेलं बोलते.

"काय काम केलंय अक्कांनी," स्वप्नील पडद्याकडं बघत म्हणाला. "बघा ना, चेहरा कसा उतरवलाय. मी सांगितलंसुद्धा नव्हतं."



"मोटर बंद करा म्हनत आसंल," शालिग्राम म्हणाला. बोलताना त्याला बरं वाटलं. इतके महिने त्यानं मनात तेच धरलेलं होतं. तिनं विहिरीकडं बघून काहीतरी विचारलं, त्याला ऐकू आलं नाही, पण ती मोटरीचंच म्हणणार, दुसरं काय म्हणणार. म्हणून त्यानं मोटरीपाशी उभं राहूनच हात झटकला होता. जाय, जाय, तुझं काम कर. माश्या हाकलतात तसा.

स्वप्नीलनं चित्र हळू केलं. ओठांची एकेक हालचाल दिसेल इतकं हळू.

"नाही आबा. 'मोटर' म्हणायला आधी ओठ मिटावे लागतात. अक्कांचे ओठ सुरुवातीला उघडेच आहेत. बघा. मिटतात ते शेवटी शेवटी."

सुगंधाबाईनं बोलून बघितलं. भाकर खाऊन घ्या, बसलं नाही. ऊन लई हाये, थोडं बसलं, पण शेवट जमेना. तिथं मग खेळच सुरू झाला. स्वप्नील म्हणे हे बघू, ती म्हणे ते बघू. ती 'आंघोय केली का' म्हणाली तेव्हा स्वप्नील हसला. शालिग्रामलासुद्धा हसू आलं असतं. सुनंदाबाई शेतातून ओरडून आंघोळीचं विचारायला कमी करणारी बाई नव्हती.

भूमिका गादीला टेकून बसली होती. ती पुढं झाली.

"मला वाटतं, त्या विचारतायत, कशी दिसते मी."

सुगंधाबाई पडद्याकडं वळली. स्वप्नीलनं तुकडा परत लावला. ती म्हणाली, "कशी दिसी रायली मी?"

ते बसलं. ओठ उघडले तिथं उघडले, मिटले तिथं मिटले, आणि वर ते हसू.  खाली गिरणीचं शटर वर गेल्याचा आवाज आला.

"दुसरंही काही असू शकतं," भूमिका घाईनं म्हणाली. तिनं शालिग्रामचं तोंड बघितलं होतं.

पण स्वप्नीलला ते सापडलं होतं. तो खुर्ची ओढून शालिग्रामपुढं बसला. आबा, ऐका, तो म्हणाला, आणि त्यानं सगळं समजावून सांगितलं. हेच ठेवायचं. आत्या आपल्या नवऱ्याला विचारते, कशी दिसते. मग तिकडं नवरा दाखवायचा. तुम्हीच. तुमचा एक शॉट घेऊ, त्याच विहिरीवर. तुम्ही बघायचं आणि मान हलवायची, छान दिसते म्हणून. अक्कांचा उतरलेला चेहरा मी कापून टाकतो, हसरा तेवढा ठेवतो. पोरापोरीचं प्रेम सगळे दाखवतात आबा. पण म्हाताऱ्यांचं असं क्षणभर दिसलं ना, की लोक शिट्ट्या मारतात.

"आन् ते झालं नसंल तर?" शालिग्रामनं विचारलं.

"सिनेमा आहे आबा. लव्हस्टोरीत सगळं जमवून घेता येतं."

त्यात पोराचा काही दोष नव्हता. त्यानं हात झटकलेला पाहिलाच नव्हता.

परतीच्या गाडीत सुगंधाबाई खिडकीशी बसली. पारोळ्याचा किल्ला मागं गेला. मग शालिग्रामनं विचारलं.

"सिनेमाचं तुले काई बोल्ली व्हती का ती? फोनवर?"

"लई बोल्ली. बकरीचं सांगे, त्या पोराच्या घामाचं सांगे. रोज सांगे."

"माह्यं?"

सुगंधाबाईनं खिडकीची काच ओढून बघितली. ती अडकलेली होती, लागली नाही.

"तुमचं काई नाई बोल्ली, दाजी."

घरी आल्यावर दोन दिवस तो नीट जेवला नाही. मरणाचं दुःख त्यानं गिळलं होतं, ते सगळ्यांनाच गिळावं लागतं. पण हे दुसरंच होतं. दवाखान्यात हात उचलून ती काय मागत होती ते कळलं नाही, ते एक. आणि चांगली धडधाकट, पावडर लावून, पन्नास पावलांवरून हसत तिनं काहीतरी विचारलं, तेही कळलं नाही. ते विचारून घेता आलं असतं. नुसतं चालत जायचं होतं. उद्या त्याला कोणी शपथेवर विचारलं, की बाबा, तुझ्या बायकोनं काय विचारलं आणि तू काय उत्तर दिलंस, तर त्याला उत्तर तेवढं माहीत होतं. प्रश्न माहीत नव्हता.

तिसऱ्या दिवशी त्यानं स्वप्नीलला फोन केला आणि ये म्हणाला.

पौषातली सकाळ होती. जुनी बाग कापून झाली होती आणि बुडातून फुटलेली पिलं आता माणसाच्या वर गेली होती. चित्रात कोणाला फरक कळणार नाही, स्वप्नील म्हणाला. त्यानं शालिग्रामला मोटरीपाशी उभं केलं. टोपी जरा तिरपी केली. शालिग्रामनं ती पुन्हा सरळ केली. भूमिका थर्माकोल धरून उभी होती. बागेच्या तोंडाशी, सुनंदाबाई उभी होती त्या जागेवर, त्यांनी एक बांबू रोवला आणि भूमिकेनं आपली ओढणी त्याला तिच्या उंचीवर बांधली, आबांची नजर कुठं जायला हवी ते कळावं म्हणून.

लाईट नुकतीच आली होती. मोटर चालू होती.

"राहू द्या," स्वप्नील ओरडून म्हणाला. "आवाज नकोच आहे आपल्याला. तुम्ही फक्त त्या ओढणीकडं बघा. अक्का आहेत समजा. त्यांनी विचारलंय. आता मान हलवा."

शालिग्रामनं मान हलवली.

"हसून, आबा. व्यापाऱ्याला भाव कबूल केल्यासारखी नको."

शालिग्रामनं पुन्हा मान हलवली. या वेळी हसायला गेला, तर तोंड वाकडं झालं. भूमिकेनं थर्माकोलच्या मागं तोंड लपवलं, पण तिचे खांदे हसत नव्हते. स्वप्नील जवळ आला, शालिग्रामच्या खांद्यावरचं केळीचं वाळकं पान झटकलं, म्हणाला, घाई नाही, तुमच्या मनानं करा. आणि परत कॅमेऱ्यामागं गेला.

शालिग्रामनं ओढणीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. स्वप्नीलनं हात वर केला, की आता.

शालिग्राम मागं वळला आणि त्यानं स्टार्टरचं लाल बटण दाबलं.

मोटर कण्हत कण्हत बंद झाली. बाग एकाएकी इतकी शांत झाली की पलीकडच्या शेतात कोणीतरी खोकलं तेही ऐकू आलं. लाईट अजून होती. कुंपणापलीकडच्या शेतकऱ्यानं मान वर करून बघितलं, की शालिग्रामभाऊनं चालू लाईटीत मोटर बंद केली, याला झालं काय.

तो चालायला लागला. वाफा नुकताच भिजला होता, पहिल्याच पावलाला वहाण चिखलात रुतली. ती त्यानं तिथंच सोडली. दुसरीही पुढं सोडली. कॅमेऱ्याच्या समोरून तो आडवा गेला. 

बांबूपाशी येऊन शालिग्राम थांबला. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि जरा वाकला.

"काय म्हनत व्हती?" त्यानं विचारलं. "मले तिकून आयकू नाई आलं."

वारा नव्हता. ओढणी सरळ लोंबत होती. स्वप्नीलनं कॅमेरा बंद केला नाही, आणि भूमिकेनं थर्माकोल खाली ठेवला. शालिग्राम तसाच वाकून उभा राहिला, कान पुढं करून, समोरचं माणूस सांगू की नको असं करतं तेव्हा उभं राहतात तसा.